मैदान कुणाला कधी मिळणार ते फळ्यावर लिहा

गेल्या रविवारी सकाळी सव्वासहाला मैदानावर पोचलो तर पोरं खाली मान घालून काहीतरी शोधत फिरत होती. मला वाटलं कुणाची तरी चेन पडली असेल. जवळ जाऊन बघतो तर एकाच्या मुठीत मोळे, म्हणजे खिळे. गंजलेले, वाकडे, काही नुसतेच डोकं तुटलेले. "काल हिच्या पायात गेला की ओ सर, म्हणून आधी वेचूलाव," म्हणाला. आमची पोरं खोखो अनवाणीच खेळतात, आणि ती मुलगी कठड्यावर टाच बांधून बसली होती, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आलेली. मग मीही उकिडवा बसलो, अर्ध्या तासात पाण्याची अर्धी कापलेली बाटली भरत आली, आणि ते पण फक्त २७ बाय १६ मीटरच्या आमच्या खोखोच्या पट्ट्यातून, बाकीच्या मैदानात तर हात पण घातला नव्हता.

आदल्या आठवड्यात तिथं दोन दिवसांचा एक कार्यक्रम झाला होता. मांडव काढला, खुर्च्या नेल्या, स्पीकरचे डबे नेले. मोळे, सुतळ्या, बांबूचे खड्डे आणि ट्रकच्या चाकोऱ्या तेवढ्या आमच्यासाठी ठेवल्या. आपली इकडची तांबडी माती कशी असते सगळ्यांना माहितीय, पावसात ओली असताना चाक फिरलं की लोण्यासारखी दबते आणि दसऱ्यानंतर ऊन पडलं की तोच चर दगडासारखा होतो, मग पोराचा घोटा मुरगळला की आपण म्हणायचं नीट बघून पळ.

कार्यक्रम करू नका असं मी म्हणत नाही. मैदान सगळ्या गावाचं आहे, लग्न असेल, जत्रा असेल, सभा असेल, होऊ देत. पण मैदान घ्यायचे काही नियम आहेत का, ते विचारायला एका ऑफिसात तीन वेळा गेलो, तर दोनदा साहेब नव्हते आणि तिसऱ्यांदा सांगितलं की आधी येईल त्याला मिळतं. भाडं किती, डिपॉझिट किती, नंतर साफ कोण करणार, पावसाळ्यात गाडी आत घालायची का नाही, काहीच कागदावर नाही. आणि कागदावर नसलं की ज्याची ओळख मोठी त्याचं मैदान. रोज सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या चाळीस पोरांच्या बाजूनं कुणी फोन करणारं नसतं ना.

कायदा नाही असं पण नाही. कर्नाटकात १९८५ चा उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा जपायचा कायदा आहे. त्यात स्थानिक संस्थेनं आपल्या हद्दीतल्या अशा जागांची यादी करायची असते आणि यादीतली जागा परवानगीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची नसते. म्हणजे पाया आहे, फक्त त्यावर रोजच्या वापराचे साधे नियम कुणी लिहिलेले नाहीत.

आता क्लबवाल्यांचं पण बोलतो, कारण मी स्वतः त्यातलाच. एखादा क्रिकेटचा ग्रुप मध्यभागी पीच करतो, रोलर फिरवतो, घाम गाळतो हे खरं, पण मग ते पीच त्यांच्या मालकीचं झाल्यासारखं फुटबॉलच्या पोरांना हाकलतात, हे बरोबर नाही. टेनिस बॉलच्या टुर्नामेंट रात्री लाइट लावून चालतात, कॉमेंट्रीचा आवाज दहानंतर पण बंद होत नाही, आणि २००० च्या आवाजाच्या नियमात रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर लावायचा नाही असं स्पष्ट आहे. सकाळी चालायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर बॉल जातो. पाण्याचे पाउच तर विचारू नका. आमच्या ग्रुपनं पण रेषा आखायच्या फक्कीची रिकामी पोती कित्येकदा तशीच कोपऱ्यात टाकलेली आहेत, ते चुकलं आणि आता बंद केलंय.

मला हवंय ते एवढंच. गेटला एक फळा, त्यावर कुठल्या वारी कुठल्या वेळेला कोण, आणि रोज दोन तास कुणाच्याच नावावर नाहीत, यावं त्यानं खेळावं. तिकीट लावून टुर्नामेंट भरवणाऱ्याला वेगळा दर, फुकट शिकवणाऱ्याला नाममात्र. कार्यक्रमवाल्याकडून आधी डिपॉझिट, आणि ते परत द्यायच्या आधी ऑफिसचा एक माणूस आणि मैदान वापरणाऱ्यातला एक असे दोघांनी फिरून बघायचं. लोहचुंबकाची पट्टी दोरीनं ओढत नेली की मोळे आपोआप चिकटतात, गॅरेजवाले करतातच की. आणि जून ते सप्टेंबर मैदान ओलं असेल त्या दिवशी सगळ्यांनाच बंद, आम्हाला पण.

तो फळा कन्नड आणि मराठी दोन्हीत असावा. आमच्या ग्रुपात निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात, काहींच्या घरी उर्दू, खो दिला की सगळीच उठून पळतात, तिथं भाषेचं भांडण कधी झालेलं नाही, मग नियम पण सगळ्यांच्या आईवडलांना वाचता यावा. हे सगळं मागायला आपण अर्ज देणार आहोत, तो कुठल्या भाषेत द्यायचा असं बऱ्याच जणांनी विचारलं. घटनेच्या ३५० व्या कलमानं गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. आपण मराठीत लिहिलंय, आणि एका पोराच्या वडलांनी त्याची सुंदर कन्नड प्रत काढून दिलीय, दोन्ही एकत्र जोडणार. शिवाय मैदान यादीत आहे का, आणि गेल्या वर्षात कुणाकुणाला किती भाड्यानं दिलं, हे माहिती अधिकारात विचारणार, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अर्जावर सह्या घ्यायचं काम चालू आहे. शनिवारपर्यंत रोज संध्याकाळी साडेपाचला मी मैदानाच्या कठड्यावर बसलेला असतो. क्रिकेटवाले, फुटबॉलवाले, चालायला येणारे, सगळेच या, आणि येताना घरात जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पडलं असेल तर घेऊन या, क्रिकेटच्या पीचकडची बाजू अजून वेचायची राहिलीय.