थंड पाण्यातलं पहिलं मिनिट

लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर फक्त बायकांसाठी एक तलाव आहे, केनवुड लेडीज पाँड. तो बारा महिने चालू असतो आणि पाण्याचं तापमान तिथल्या फळ्यावर लिहिलेलं असतं. ऐन हिवाळ्यात तो आकडा 5 च्याही खाली जातो. मला जानेवारीत तिथे पोहायचं होतं, म्हणून मी सप्टेंबरातच जायला लागले. पाणी हळूहळू गार होत जातं, तसतसं अंगही तयार होतं.

मी पोहायला शिकले सांगलीकडच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. तिथे काठावरून धाडकन उडी मारायची, एवढंच माहीत. इथे मात्र पहिल्या दिवसापासून शिडी धरूनच उतरले. गार पाणी अंगाला लागलं की आपण न ठरवता एकदम मोठा श्वास आत ओढतो. नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणी आत जातं. थंड पाण्यात बुडणारी कितीतरी माणसं गारठून जात नाहीत, या पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांतच जातात. त्यांत पट्टीचे पोहणारेही असतात.

गुडघ्यापर्यंत काही वाटत नाही. पोटाला पाणी लागलं की खरी गंमत. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी छातीपर्यंत उतरले आणि श्वास तोकडा झाला, आत-आतच जाऊ लागला, बाहेर यायचं नावच घेईना. हृदय धडधडत होतं. गार पाण्याच्या झटक्याने ठोके वाढतात, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्तदाब चढतो. (ज्यांना हृदयाचा किंवा बीपीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा नाद करू नये.) शेजारी उतरणारी एक आजीबाई म्हणाली, "सोड, श्वास बाहेर सोड." मग शिडीला धरून, ओठांचा चंबू करून, फुंकर घातल्यासारखी मी श्वास सोडत राहिले. मिनिटभरात धाप ओसरली. तोवर एक हातही मारायचा नाही, डोकं बुडवायचं नाही, हा माझा नियम. हिंमत बिंमत नंतर.

यात चांगली गोष्ट अशी, की शरीर हे शिकतं. दोन-दोन, तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनंतर तो पहिला झटका जवळपास निम्म्यावर येतो, आणि ही सवय पुढे काही महिने टिकते. डिसेंबरात पाणी नोव्हेंबरापेक्षा गार होतं, तरी मला उतरणं सोपं गेलं. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "ते राहू दे, केस पुसलेस का?"

सवयीने धाप कमी होते, हात मात्र गारठायचे ते गारठतातच. पाणी हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने अंगातली ऊब ओढून घेतं, आणि हाताचे स्नायू थंड पडले की चांगला पोहणाराही ढेपाळतो. जानेवारीत बोटं फाकायला लागली, मिटेनात. इथल्या बायका अंगठा करंगळीला टेकवून बघतात. टेकत नसेल तर शिडीकडे वळायचं. जितके अंश तापमान तितकी मिनिटं पोहायचं, असाही एक हिशेब लोक सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही, कारण झोप झालेली नसली की माझा अंगठा अर्ध्या वेळातच संप पुकारतो.

बाहेर आल्यावर आधी झकास वाटतं, आणि हीच फसवी वेळ. हातापायांतलं गार रक्त आत परततं, अंग आणखी निवत जातं आणि दहाएक मिनिटांनी हुडहुडी भरते. म्हणून ओले कपडे लगेच काढायचे, आधी वरचं अंग कोरडं करून झाकायचं आणि टोपी चढवायची. बटणांचे कपडे तर नेऊच नयेत, बोटांना ती लागत नाहीत. कडकडीत पाण्याची अंघोळही लगेच नको, चक्कर येऊ शकते. थर्मासातला आल्याचा चहा दोन्ही हातांत धरून प्यायचा, आणि दात वाजायचे थांबल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही.