टेनेसीत भेटलेला सापकांदा

आम्ही साताऱ्याची माणसं. रानफुलं म्हटलं की आम्हाला पाऊस आठवतो. कासला जायचं ते भाद्रपदाच्या आसपास, छत्री सावरत, चिखल तुडवत. त्यामुळे अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी एका मैत्रिणीनं “एप्रिलमध्ये फुलं बघायला डोंगरात जाऊ” म्हटलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चैत्रातलं करपलेलं पठार आलं. फुलं आणि एप्रिल ही जोडीच मनाला पटेना.

आता दर एप्रिलला मी जाते. यंदा आई आली होती, तिलाही घेऊन गेले.

ग्रेट स्मोकी माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेलं आहे. फुलणाऱ्या वनस्पतींच्या 1500हून जास्त जाती इथे आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पण गाडी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लावायची असेल तर पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो, दिवसाचे 5 डॉलर. उद्यानाच्या वेशीवरच्या गॅटलिनबर्ग गावाच्या गर्दीत न शिरता आम्ही ग्रीनब्रायरच्या बाजूनं आत गेलो आणि पोर्टर्स क्रीकची वाट धरली. जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटर. आईच्या गुडघ्यांना झेपेल असा चढ, आणि शेवटी एक धबधबा.

इथली झाडं हिवाळ्यात पार बोडकी होतात. मार्च-एप्रिलमध्ये ऊब येते, पण फांद्यांवर पानं नसतात, म्हणून ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं. तेवढ्या अवधीत खालचे कंद जागे होतात, पान काढतात, फुलतात, बी धरतात. मे महिन्यात वरचं छत मिटलं आणि सावली दाटली की यातली बरीच पुन्हा मातीत गडप. पुढच्या वसंतापर्यंत इथे काही होतं याची खूणही उरत नाही. आपल्याकडे फुलं पावसाची वाट बघतात, इथे उन्हाची.

वाटेचा पहिला दीड-दोन किलोमीटर म्हणजे जुना गाडीरस्ता. दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या दगडी ताली, एका वळणावर छोटं कब्रस्तान. इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. 1934 साली उद्यान झालं आणि त्यासाठी कुटुंबांना जमिनी सोडाव्या लागल्या. मी हे सांगत होते तशी आई त्या तालीवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या आजोळचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. “निदान यांच्या ताली तरी दिसतात गं,” एवढंच म्हणाली, आणि पुढे निघाली.

मग ट्रिलियम दिसली. तीन पानं, तीन पाकळ्या, तळहाताएवढं पांढरंशुभ्र फूल. “अगं, बेलासारखं त्रिदल!” म्हणत आई वाकली. रोज पहाटे देवासाठी फुलं काढणारा तो हात, आपसूक देठाकडे गेला. मी म्हटलं, “आई, नको. इथे फूल तोडायला बंदी आहे.” आणि खरं कारण सांगितलं. हे झाड बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात वर्षं किंवा त्याहून जास्त घेतं. फुलाबरोबर ती तीन पानं खुडली गेली तर कंदाला वर्षभराचं अन्न मिळत नाही, झाड मरूही शकतं. बियाही लांब जात नाहीत. बीला एक तेलकट बोंडूक असतं, त्याच्या लोभानं मुंग्या ती ओढून नेतात, तेवढाच तिचा प्रवास.

“सात वर्षं? आपल्या कासच्या टोपली कारवीसारखं म्हण की, तीही सात वर्षांनी फुलते,” आई म्हणाली. तिनं हात मागे घेतला, आणि त्या फुलाला उभ्या जागी नमस्कार केला.

पुढे ओढ्यावर पूल आहे. पूल म्हणजे एकच लांबलचक ओंडका, वरून सपाट तासलेला, एका बाजूला कठडा. खाली पाणी धडधडत असतं. आई माझा हात घट्ट धरून सावकाश पलीकडे आली, मान वर केली आणि थबकली. सगळा उतार पांढरा. “बर्फ पडलाय का?” तो फॅसेलिया. करंगळीच्या नखाएवढी फुलं, पाकळ्यांच्या कडांना बारीक झालर, आणि अशी लाखो. पहिल्या वर्षी मी इथे फोटोसाठी वाट सोडून चार पावलं आत गेले होते. एका वयस्कर गृहस्थांनी शांतपणे माझ्या पायाखाली बोट दाखवलं. चपटी झालेली ती चार पावलं मला अजून दिसतात. तुम्ही कधी आलात तर वाट सोडू नका, ही कळकळीची विनंती.

तिथून धबधबा जवळच. फर्न ब्रँच फॉल्स, साधारण 60 फूट उंच, काळ्या कातळावरून घसरत येणारी एक बारीक धार. आंबोलीचा गडगडाट डोक्यात ठेवून आलात तर निराश व्हाल. पण शेवाळ, नेचे आणि तो गारवा! आम्ही वाटेवरच बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खरकटं, अगदी सालीसुद्धा, परत पिशवीत. या रानात अस्वलं आहेत आणि माणसाच्या अन्नाची चटक त्यांच्याच जिवावर बेतते.

ज्यांना धबधब्याच्या मागून चालायची हौस आहे त्यांनी ग्रोटो फॉल्सला जावं. वर डोंगरात राहण्याची सोय आहे, तिथलं सामान पाठीवर वाहणारे लामा, म्हणजे उंटाच्या कुळातले लोकरी प्राणी, त्या वाटेवर भेटू शकतात. आम्हाला ते जमलं नाही.

कारण उतरताना आईनं मला ओढून थांबवलं. ओल्या मातीत, एका ओंडक्याच्या आडोशाला, हिरवा-जांभळा पट्टेरी फणा काढून एक रोप उभं होतं. “हा तर सापकांदा!” इथले लोक त्याला जॅक-इन-द-पल्पिट म्हणतात, पण खरंच, आपल्या सापकांद्याच्याच कुळातला तो. लहानपणी रोप नर असतं, कंदात पुरेसं बळ साठलं की मादी होतं. आई चक्क उकिडवी बसली. गुडघ्यांची तक्रार विसरून त्याच्याशी बोलत राहिली, “तू रे इथं कसा?” अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही.

मे महिन्यात ती परतली. पहिल्या पावसानंतर यवतेश्वरच्या उतारावरून तिचा फोटो आला, पांढरा फणा, सोबत पानाचा पत्ता नाही. खाली लिहिलं होतं, “आपला आधी फूल काढतो. पान आलं की पाठवते.”