बायपासनंतर क्रिएटिनिन १.५ आणि पायाची जखम, माझा अनुभव

मे महिन्यात माझी हार्टची बायपास झाली, नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये. शुगर १२ वर्षांपासून आहे. ऑपरेशन चांगलं झालं पण दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन (रक्तातला आकडा, किडनीचं काम कमी झालं की वाढतो) १.० चं १.५ झालं, लघवीही कमी. सिस्टर दर तासाला पिशवीतलं माप लिहून राहिल्या होत्या, वजन ७० किलो म्हणजे तासाला ३५ मिली तरी यायलाच पाहिजे म्हणे, अन् बायको बाहेर डायलिसिसच्या भीतीनं रडून राहिली होती. डॉक्टर म्हणाले डायलिसिस लागणार नाही, हार्ट थांबवून रक्त मशीनवर फिरवतात तेव्हा किडनीला पुरवठा कमी पडू शकतो, त्यात अँजिओग्राफीत शिरेत सोडतात तो डाय, जुनी शुगर, बहुतेकांचं उतरतं. चौथ्या दिवशी १.२ आलं, आमच्या जिवात जीव आला.

पण सुट्टीच्या वेळी त्यांनी जे सांगितलं त्यासाठीच हे लिहून राहिलो. किडनीला थोडासा मार बसला तरी अशा पेशंटमध्ये पुढे इन्फेक्शन जास्त दिसतं, आकडा उतरला म्हणून निवांत राहू नका, छातीची अन् बायपाससाठी शीर काढली ती पायाची जखम रोज पाहा, ताप अन् शुगर लिहा, दुखलं तर पॅरासिटामॉलच घ्या. डिस्चार्ज कार्डावर फक्त १.२ होतं, १.५ कुठंच नाही, तो आकडा मी सांगून कार्डावर लिहून घेतला. तुम्ही पण घ्या.

घरी मानेवाड्याला आलो तर ऊन म्हणजे आग, कूलर लावूनही घाम. तेराव्या दिवशी पायातली शीर काढली तिथली जखम खालून लाल झाली, चिकट पाणी येऊन राहिलं, ताप १०० च्या वर. शेजारचे काका म्हणाले उन्हानं झालं, हळद लावा. मुलगा मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेऊन आला, मुलीनं पट्टीवर नाव पाहिलं तर डायक्लोफिनॅक, किडनीसाठी नेमकी तीच मना होती. गोळी परत केली, त्याच संध्याकाळी हॉस्पिटल गाठलं. पू तपासायला पाठवला, त्यांनी कार्डावरचा १.५ पाहिला, रक्त परत तपासलं अन् मगच अँटिबायोटिकचा डोस ठरवला. दहा दिवस ड्रेसिंग. छातीपर्यंत काही गेलं नाही.

आता क्रिएटिनिन १.१ आहे. तीन महिन्यांनी रक्त अन् लघवी परत तपासायची आहे, मुलीनं कालनिर्णयावर तारखेला गोल केला आहे.