सकाळचा आकडा आणि दुपारची धावपट्टी

लघुविमानांच्या अपघातांचा तपास करताना हिवाळ्यात माझ्याकडे येणारी बरीच प्रकरणे एकाच धाटणीची असतात: उतरलेले विमान धावपट्टीवरून घसरते, कडेच्या हिमाच्या ढिगाऱ्यात शिरते, प्रॉपेलर वाकतो आणि वैमानिक सुखरूप बाहेर पडतो. कोणी दगावलेले नसल्यामुळे ‘ब्रेक लागले नाहीत’ असा शेरा मारून प्रकरण मिटवले जाण्याचा धोका असतो. त्या दुपारी घसरलेल्या सेस्ना 172 चे ब्रेक मात्र पूर्णपणे निर्दोष निघाले.

उन्हाने माग पुसले जाण्याआधी ते पाहणे आवश्यक असल्याने मी विमानाकडे न जाता प्रथम धावपट्टीवरून चालत गेलो. विमान योग्य जागी, मध्यरेषेवर टेकले होते. तेथून बऱ्याच अंतरापर्यंत टायरची नक्षी हिमावर स्पष्ट उमटली होती, म्हणजे चाके फिरत होती. शेवटच्या तृतीयांशात मात्र नक्षी नाहीशी होऊन गुळगुळीत, चकाकणारे पट्टे सुरू झाले होते. तेथे चाके जाम होऊन नुसती घसरत गेली होती. पुढच्या चाकाचा माग मधली जागा सोडून डाव्या चाकाच्या मागाजवळ सरकला होता. वारा डावीकडून होता, त्याने शेपटीला ढकलून विमानाचे नाक स्वतःकडे वळवले आणि संपूर्ण विमान उजवीकडच्या ढिगाऱ्यावर नेले. पुढचे चाक उजवीकडे वळलेले सापडले. वैमानिकाने उजवा पाय दाबला होता, पण मंदावलेल्या वेगात रडरवर, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या फळीवर, पुरेसा हवेचा झोत नव्हता आणि चाकाखाली पकड नव्हती.

मग प्रश्न उरला तो त्या पृष्ठभागाचा. नोव्हेंबर 2021 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांशाला 6 ते 0 असा अंक दिला जातो. कोरड्या पृष्ठभागाला 6. सकाळच्या निरीक्षणात उणे 10 अंश तापमानाला दाबून घट्ट झालेले हिम आढळले होते आणि तिन्ही भागांना 3 अंक मिळाला होता. नियमाप्रमाणे तो अचूकच होता, कारण असे हिम उणे 15 किंवा त्याहून थंड असेल तरच 4 मिळतो. परंतु दुपारपर्यंत तापमान शून्याजवळ आले, आणि उन्हात असलेल्या शेवटच्या भागात हिमावर पाण्याचा पातळ थर साचला. घट्ट हिमावर पाणी म्हणजे 0, जिथे ब्रेकचा भरवसा जवळजवळ संपतो. वैमानिकाला मात्र उतरण्यापूर्वी सकाळचाच अंक कळवला गेला होता.

त्याच्याशी बोलताना, तपास दोषी ठरवण्यासाठी नसून पुढचे अपघात टाळण्यासाठी असतो, हे मी आधी स्पष्ट केले. अंक ऐकताना निरीक्षणाची वेळ विचारण्याची सवय त्याला कोणी लावलेली नव्हती, हे तेव्हाच समजले. माझ्या मते प्रशिक्षणातली ही उणीव निसरड्या हिमाइतकीच गंभीर आहे. अहवालात मी दोन शिफारशी केल्या: तापमान शून्याकडे चढू लागताच धावपट्टीचे नव्याने निरीक्षण व्हावे, आणि वैमानिकाला अंक सांगताना निरीक्षणाची वेळ व त्या वेळचे तापमानही प्रत्येक वेळी सांगितले जावे.