बून-ग-री

लेकीकडे सिडनीला दीड महिना राहून आले. ब्लू माउंटन्स, ऑपेरा हाउस, फेरी, सगळं झालं. पण लिहायला बसलेय ती मिचेल लायब्ररीत पाहिलेल्या एका चित्रासाठी.

पुण्यात पेशवे दफ्तरातले मोडीचे रुमाल सोडण्या-बांधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. जुने कागद म्हटले की मला राहवत नाही. जावयांनी मॅक्वारी स्ट्रीटवर सोडलं आणि आत जाऊन मी किंग घराण्याचे कागद पाहायचे आहेत म्हणून सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी इतक्या आपुलकीने सगळं समजावलं की परकेपणा तिथेच गळून पडला.

फिलिप पार्कर किंग 1791 साली नॉरफोक बेटावर जन्मला. वडील पुढे न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर झाले, हा इंग्लंडच्या आरमारात गेला. 1817 ते 1822 या काळात त्याने ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजला, मग दक्षिण अमेरिकेचा. 1832 मध्ये सिडनीला परतला आणि सिडनीजवळ डनहेव्हडच्या जमिनीवर संसार थाटला. घराण्याने त्याचे कागद जपले. चित्रांचा एक अल्बम तर 1802 ते 1902 अशी शंभर वर्षं व्यापतो.

तो अल्बम पडद्यावर चाळताना एका माणसाचं छोटं चित्र आलं. किंगनेच काढलेलं, साल 1819. खाली त्याच्याच अक्षरात नाव, पण सलग नाही. मधे आडव्या रेघा देऊन तीन तुकड्यांत: बून-ग-री. शेजारी, हा माझ्यासोबत पहिल्या सफरीला होता, अशा अर्थाची ओळ. मी तिथेच थांबले. साहेबाने आमच्या गावांची नावं कशी मोडली ते आयुष्यभर पाहिलंय. इथे मात्र कानाने ऐकलेलं नाव अक्षर-अक्षर उतरवायची धडपड दिसत होती.

हा बून-ग-री, म्हणजे बंगारी, सिडनीच्या उत्तरेकडचा आदिवासी. किंगच्याही आधी, 1802-03 मध्ये, तो मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीबरोबर अख्ख्या खंडाला प्रदक्षिणा घालून आला होता. अनोळखी किनाऱ्यावर माणसं समोर आली की बोलणी तोच करी. किंगचं जहाज ‘मर्मेड’ जेमतेम 84 टनांचं, कलकत्त्याजवळ हावड्याला सागवानात बांधलेलं. ते 22 डिसेंबर 1817 ला सिडनीहून निघालं. खडकीची लढाई होऊन दीड महिना झाला होता, कोरेगावची दहा दिवसांवर होती. ज्या दिवसांत आमच्या दफ्तराचा धनी बदलत होता, त्याच दिवसांत बंगारी आमच्याकडच्या सागवानावर उभा राहून समुद्र पाहत होता. मला भरून आलं.

आणि रागही आला. किंगची पत्रं, नकाशे, रोजनिशा, सगळं शाबूत. बंगारी 1830 मध्ये गेला, त्याच्या हातचा कागद एकही नाही. तो उरला तो दुसऱ्याच्या अल्बममध्ये.

रविवारी हट्टाने डनहेव्हडला गेलो. गव्हर्नर वडिलांनी स्वतःच्याच मुलांना दिलेली जमीन ती. त्याआधी ती धारुग या आदिवासी लोकांची होती. 1836 मध्ये डार्विन इथे किंगला भेटायला आला होता. आता डनहेव्हड म्हणजे औद्योगिक वसाहत: पत्र्याच्या शेड, बंद फाटकं, एकही माणूस नाही. घर कधीच पाडलंय. लेक म्हणाली, “आई, इथे काय बघायचं?” जवळून वाहणाऱ्या ओढ्याला साउथ क्रीक म्हणतात, धारुग नाव वायनामट्टा. आईची जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. पाणी गढूळ होतं. मी काठावर बराच वेळ उभी राहिले, घाई करावीशी वाटेना.

निघायच्या आदल्या दिवशी एकटीच ट्रेनने पुन्हा लायब्ररीत गेले. तेच चित्र उघडलं आणि वहीत पेन्सिलीने देवनागरीत लिहून घेतलं: बून-ग-री. त्या दोन रेघा तशाच ठेवल्या.