ई-कादंबरी, टप्पा दुसरा: नमुना, फाइल आणि वाचकांची यादी

मजकूर गोठवला आहे. यापुढे टंकदोष सोडून काही बदलायचं नाही. या टप्प्याचं सगळं काम एकाच प्रश्नाभोवती आहे: मुखपृष्ठ पाहून पुस्तकाच्या पानावर आलेला वाचक नेमका कुठून परत फिरतो? विक्री थंडावली की पहिला हात जाहिरातीला जातो. पण गळती नमुन्यात, म्हणजे फुकट वाचता येणाऱ्या सुरुवातीच्या भागात असेल तर जाहिरात वाढवून जास्त लोक त्याच जागेवरून परत जातील, एवढंच.

ॲमेझॉनच्या किंडलवर पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण 10 टक्के भाग फुकट वाचता येतो. 60,000 शब्दांची कादंबरी असेल तर 6,000 शब्द. हे 10 टक्के फाइलच्या सुरुवातीपासून मोजले जातात, कथेच्या नव्हे. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, 2,000 शब्दांचं मनोगत आणि त्यावर कुणा जाणत्याची प्रस्तावना पुढे ठेवली, की निम्मा नमुना कथा सुरू होण्याआधीच संपतो. म्हणून शीर्षकपान, हक्कांची ओळ आणि अनुक्रमणिका एवढंच पुढे ठेवलंय, बाकी सगळं मागे. प्रस्तावना लिहिणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर रुसवे काढत बसावं लागतं.

नमुना कुठे तुटतो तेही पाहायला हवं. तुटण्याची जागा आपल्या हातात नसते, पण तिच्या आसपास काय येतं ते असतं. कथासंग्रहाचं गणित आणखी अवघड. 36,000 शब्दांच्या संग्रहाचा नमुना 3,600 शब्दांचा. पहिली कथा 5,000 शब्दांची असेल तर वाचकाला एकही पूर्ण कथा मिळत नाही. तिथे 2,500 शब्दांची, स्वतःच्या पायावर उभी राहणारी कथा पहिली लावावी आणि पाठोपाठ दुसरीची सुरुवात येऊ द्यावी. सर्वांत आवडती कथा पहिली लावण्याचा मोह टाळलेला बरा.

आता फाइल. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या रूपांतरकावर भरवसा ठेवू नका. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या व्यंजनाला चिकटते, आणि ‘वाऱ्या’तला ऱ्य हमखास ‘र्य’ होतो. ‘ॲ’चं दुखणं वेगळंच. ते एकाच चिन्हात लिहिता येतं आणि अ अधिक ॅ असंही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते निराळे. ‘शोधा आणि बदला’ चालवून संपूर्ण पुस्तकात एकच रूप ठेवा; शीर्षक आणि शोधशब्दांतही (दुकानात पुस्तक सापडावं म्हणून नोंदवायचे शब्द) तेच. प्रकरणांच्या नावांना शीर्षकाची शैली लावा म्हणजे अनुक्रमणिका आपोआप बनते. परिच्छेदाची पहिली ओळ टॅब किंवा स्पेस देऊन सरकवलीत, तर छोट्या पडद्यावर तिचा चुथडा होतो; ते माप शैलीतच बसवा. शेवटी ईपबचेक या ई-पुस्तकाच्या फाइलमधले दोष शोधणाऱ्या साधनातून फाइल काढा आणि मोबाइलवर अक्षर सर्वांत मोठं करून दोन प्रकरणं वाचा. मुखपृष्ठ 2560 बाय 1600 पिक्सेल (उंची बाय रुंदी), पण निर्णय अंगठ्याएवढ्या आकारात पाहूनच. बारीक वेलांट्यांचं सुलेखन त्या आकारात नाहीसं होतं.

केडीपी म्हणजे ॲमेझॉनची ई-पुस्तकं प्रकाशित करण्याची सेवा; तिच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत जायचं की नाही, हा निर्णय अजून लटकलेला आहे. नोंदणी 90 दिवसांची. त्या काळात पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. यात पुष्कळ जण अडकतात, कारण आधी क्रमशः टाकलेली प्रकरणं ब्लॉगवर तशीच पडलेली असतात. ती आधी उतरवा, मग नोंदणी करा. बदल्यात किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या योजनेतून वाचलेल्या पानांमागे पैसे मिळतात आणि पुस्तक फुकट ठेवायला 5 दिवस मिळतात. फुकट उतरवलेल्या प्रती बऱ्याचदा न उघडताच पडून राहतात; मालिकेचा पुढचा भाग तयार नसेल तर ते दिवस वाया घालवू नयेत.

मेलची यादी मात्र आत्ताच सुरू केली आहे, कारण दुकान तुमचा वाचक कोण हे तुम्हाला सांगत नाही. नोंदणीचा दुवा कथेच्या शेवटच्या वाक्याखाली, त्याच पानावर. लेखक-परिचयानंतर ठेवलेल्या दुव्यापर्यंत फार थोडे पोचतात. दुवा स्वतःच्या डोमेनवरचा, म्हणजे स्वतःच्या नावे घेतलेल्या संकेतस्थळाच्या पत्त्यावरचा असावा. मेल पाठवणारी सेवा बदलली तरी विकलेल्या प्रतींमधला दुवा मरत नाही. नोंदणीच्या बदल्यात त्याच पात्रांची एखादी छोटी कथा द्यावी. भलत्याच भेटीसाठी आलेले लोक कादंबरी वाचत नाहीत. मेलही त्याच डोमेनवरून पाठवा आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरोखर तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या तिन्ही नोंदी डोमेनला लावा. मेलसेवेतून पाठवताना प्रेषक म्हणून जीमेलचा पत्ता दिला तर प्रमाणीकरण जुळत नाही आणि मेल स्पॅममध्ये जाण्याची भीती. ‘किती जणांनी उघडला’ हा आकडा विसरा. तो मेलमधलं चित्र उतरलं की नाही यावरून मोजतात. ॲपलच्या मेलमध्ये 2021 पासून गोपनीयतेची सोय चालू असली की चित्रं आधीच उतरवली जातात, त्यामुळे तो फुगतो. दुव्यावर किती जण गेले तेवढंच मोजा.

परीक्षणांसाठी आगाऊ प्रती द्याव्यात, पण कोणतीही अट न घालता. घरच्यांची आणि ‘तू माझं लिही, मी तुझं’ अशी परीक्षणं ॲमेझॉनच्या नियमात बसत नाहीत.

आकडे वाचताना एक सापळा आहे. पुस्तकाची केईएनपी पानं (किंडल अनलिमिटेडच्या हिशेबासाठी ॲमेझॉन ठरवतं ती पानं) 300 असतील आणि महिन्यात 6,000 पानं वाचली गेली, तर हिशेब 20 पूर्ण वाचनांचा दिसतो. पण 60 जणांनी शंभराव्या पानावर पुस्तक सोडलं तरी बेरीज तीच. फरक कळतो तो पुढच्या भागाच्या वाचनावरून किंवा शेवटच्या पानावरल्या दुव्यावरून.

पुढचा बदल दुकानातल्या पुस्तकाच्या वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत, कारण मोबाइलवर ‘अधिक वाचा’ दाबण्याआधी जेमतेम तेवढंच दिसतं. केडीपीवरच्या सात शोधशब्द-चौकटींपैकी दोन रोमन लिपीतल्या मराठीला द्यायच्या आहेत, पण त्या नंतर. दोन्ही एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. तोवर मुखपृष्ठ आणि किंमत जागच्या जागी.