वावर एकाचं, संत्रा दुसऱ्याचा

मी नागपुरात ऑप्टिकल फायबर टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे ‘राइट ऑफ वे’चं काम बघतो. म्हणजे केबल कोणाच्या जागेतून जाणार, त्याची संमती घ्यायची, नुकसान झालं तर हिशोब करायचा आणि मधल्या काळात सगळ्यांच्या शिव्या खायच्या. बहुतेक केबल रस्त्याच्या कडेनं, सरकारी जागेतून जाते, त्यामुळे शेतकऱ्याशी गाठ क्वचितच पडते. काटोल तालुक्यातला हा तुकडा तसा नव्हता. रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं, म्हणून थोडं अंतर संत्र्याच्या बागेतून जायचं ठरलं. ही गोष्ट केबलच्या कामाला जुना तार कायदा लागू होता तेव्हाची.

मालक नागपूरला, धरमपेठेत राहणारे. स्टॅम्प पेपरवर संमती दिलेली, सातबारा जोडलेला, फाईल चोख. जानेवारीत जेसीबी बागेत उतरला. दोन ओळींच्या मधून चर काढत काढत तो निम्म्यावर आला आणि एक माणूस बकेटसमोर येऊन उभा राहिला. ऑपरेटरनं मशीन बंद करून मला फोन लावला.

मी पोचलो तेव्हा तो चराच्या काठावर बसला होता. मी संमतीपत्र काढलं. त्यानं ते हातातही घेतलं नाही.

“साहेब, वावर त्यायचं आहे. झाडावरचा संत्रा माहा आहे. तुमी कागद दाखवून रायले, मी झाड दाखवून रायलो.”

त्यानं ती बाग वर्षाच्या मक्त्यानं घेतली होती आणि पैसे आधीच मोजले होते. झाडांवर मृग बहार होता, तोडणीला महिना-दीड महिना उरलेला. आमच्या चराची नेहमीची खोली १६५ सेंटिमीटर, आणि काळ्या जमिनीत संत्र्याची कामाची मुळं वरच्या दोन-अडीच फुटांतच असतात. ठिबकच्या नळ्या तुटल्या होत्या. चराच्या दोन्ही बाजूंच्या झाडांची एका अंगाची मुळं उघडी पडली होती. अशा झाडाची फळं गळणार हे सांगायला अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून कोणाला आणायची गरज नव्हती.

सातबाऱ्यावर मात्र त्याचं नाव कुठंच नव्हतं. पीक पाहणीतही मालकच कसणारे. आमच्याकडे हे सर्रास चालतं. मक्तेदाराचं नाव एकदा लागलं की उद्या तो कूळ म्हणून उभा राहील, ही भीती मालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. त्यामुळे व्यवहार तोंडी, पैसे रोख. पुरावा म्हणून त्यानं खता-औषधांची बिलं आणली आणि शेजारच्या धुऱ्यावरच्या दोघांना बोलावलं.

मी काम थांबवलं. तलाठी आणि कृषी सहायक आले, पंचनामा झाला. दुपारी मालक गाडी घेऊन आले ते तापलेलेच.

“माझं वावर, माझी सही. पैसे मला द्या. ह्याचं मी बघून घेतो.”

वर त्यांनी दुसरा मुद्दा काढला. शेजारच्या गावात विजेच्या मोठ्या लाइनचा टॉवर उभा राहिला, तिथं जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के मिळाले, मग इथं का नाही? प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. वीज कायद्याच्या कलम १६४ खाली पारेषण कंपन्यांना १८८५च्या तार कायद्याचेच अधिकार मिळतात. पण तो दर ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५च्या सूचनांमधला, टॉवरच्या पायाखाली अडकणाऱ्या जमिनीचा. आमच्या चाळीस मिलिमीटरच्या पाइपसाठी तसा तक्ता नव्हता. तार कायदा म्हणतो की जमिनीवर फक्त वापराचा हक्क येतो, मालकी हलत नाही, आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. कोणाला? ज्यांचा ज्यांचा हितसंबंध आहे, त्या सगळ्यांना. कलम १० मध्ये ‘मालकाला’ असं लिहिलेलंच नाही.

मालकांना ते पटेना. मग मी कलम १६ सांगितलं. पैसे कोणी घ्यायचे यावर वाद असेल, तर रक्कम जिल्हा न्यायाधीशांकडे जमा करून मोकळं होता येतं. मग दोघांनी सिव्हिल लाइन्सला तारखा घेत बसायचं. अडवणूक झाली तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणता येतो हेही त्याच कलमात आहे, पण ते मी मक्तेदाराला ऐकवलं नाही. ज्याचं खरंच नुकसान झालंय त्याला फौजदारीचा धाक दाखवणं माझ्या जिवावर येतं.

कोर्टाचं नाव निघाल्यावर दोघंही जरा नरमले. मालकांना कोर्टात मक्त्याचा विषय निघायला नको होता, मक्तेदाराकडे कागद नव्हता. झाडाखाली बसून वाटणी झाली. झाडं पुढची कित्येक वर्षं मालकांची, म्हणून मुळांच्या इजेचे आणि एखादं झाड वाळलं तर त्याचे पैसे मालकांना. गळणारी फळं आणि ठिबक यंदाचं, म्हणून ते मक्तेदाराला. कृषी सहायकानं झाडागणिक फळं मोजून अंदाज दिला, त्यावर घासाघीस झाली, आणि मालकांच्या आग्रहावरून कागदात ‘मक्ता’ हा शब्द कुठंही येणार नाही असं ठरलं. उरलेला तुकडा आम्ही बागेबाहेर काढला, पांदण रस्त्याच्या कडेनं.

१ जानेवारी २०२५ पासून नवे राइट ऑफ वे नियम आले. खासगी जागेसाठी आता करारावर भर आहे, पण सातबाऱ्यावर नाव नसलेला मक्तेदार तिथंही मला आपणहूनच शोधावा लागतो.

मालकांचा चेक लगेच निघाला. मक्तेदाराची फाईल लेखा विभागानं परत पाठवली. शेरा होता, ‘लाभार्थ्याचा सातबारा जोडावा.’ मी पंचनामा जोडला, तरी परत आली. शेवटी साइट इंजिनिअरनं त्याच्या नावानं किरकोळ खोदकामाचं बिल केलं. ते मंजूर झालं तोवर त्याचा उरलेला संत्रा कळमन्याच्या बाजारात विकून झाला होता. ज्या चरापुढे तो आडवा आला, त्याच चराच्या खोदकामाची मजुरी त्याला मिळाली. टीडीएस कापून.